फोटोतलं ऊन

नागोजी चांगला माणूस आहे असं कुणी म्हणालं, तर त्याला माझ्या हॉटेलात चहा मिळणार नाही. आणि वाईट आहे म्हणालं तरी मिळणार नाही, कारण म्हणणाऱ्याची ते त्याच्या तोंडावर म्हणायची छाती नसते. कणकुंबीच्या रस्त्याला आमच्या फाट्यावर माझं हॉटेल आहे. हॉटेल म्हणजे चार बाकं, एक शेगडी आणि मी, जयाबाई. नवरा गेल्यापासून एकटीच चालवते. नागोजीला मी परकर घालत होते तेव्हापासून ओळखते, म्हणून त्याच्याबद्दल चार शब्द बोलायचा हक्क मला आहे.

बाकीच्यांचा राग नाकावर असतो, त्याचा हातात होता. शाळेत कुणी त्याची टोपी उडवली, तर यानं त्या पोराचे पुढचे दात पाडले. मोठा झाल्यावर बांधावरच्या फणसावरून सख्ख्या भावाला कोयत्याच्या मुठीनं असा बडवला, की तो गोव्याला गेला तो आजवर परतला नाही. फणस तेवढा बांधावर उभा आहे, दरवर्षी लागतो, आणि तोडायला कुणी जात नाही. एकदा एका ट्रकवाल्यानं वाट दिली नाही. नागोजीनं रस्त्याकडेचा चिरा उचलला आणि समोरच्या काचेवर घातला. चिरा म्हणजे जांभ्या दगडाची कापीव मोठी वीट, साध्या माणसाला ती छातीशी धरून न्यावी लागते. हा ती डोक्यावर उचलून फेकत होता. ड्रायव्हरचं कपाळ फुटलं, रक्त माझ्या पायरीवर सांडलं, आणि काचेचे तुकडे पुढं किती तरी दिवस माझ्या झाडूत येत राहिले.

पण पुराच्या वर्षी याच माणसानं सासूला, बाळाबाईला, पाठीवर घेऊन नाला ओलांडला होता. छातीएवढं पाणी, वरून ओंडके वाहत येत होते. एक ओंडका खांद्यावर आदळला, तर यानं त्यालाही आईवरून शिवी घातली. "जावाय न्हाय गं, रेडा हाय माझा," असं बाळाबाई सगळ्यांना कौतुकानं सांगायची. रेड्याचं शिंग आपल्याच पोटात घुसेल, हे तिच्या स्वप्नातही नव्हतं.

बाळाबाईची लेक रुक्माबाई म्हणजे नागोजीची बायको, माझी मैत्रीण. आणि लेकाचं नाव भावकू. भावकू रुक्मापेक्षा धाकटा, बोलायला गरीब, पण चिरा तासावा तर त्यानंच. त्याचा हात दगडावरून फिरला की कडा अशा सरळ यायच्या, की गवंडी ओळंबा न लावता भिंत उचलायचे. नागोजीनं रानात चिऱ्याची खाण काढली, तेव्हा पहिला माणूस म्हणून त्यानं मेव्हण्यालाच बोलावलं. खाण आपल्या मालकीच्या तुकड्यात सुरू झाली आणि सरकत सरकत जंगलात शिरली. गावाला माहीत होतं. भावकूनं एकदोनदा सांगितलंही, "दाजी, खाली झऱ्याला तांबडं पानी यायलंय. बंद करूया का आता?" नागोजीनं ते ऐकलं नाही, पण विसरलाही नाही.

गेल्या उन्हाळ्यात वनखात्याची जीप आली. कुणाला वाट विचारली नाही, काही नाही, थेट खाणीवर. दगड कापायचं मशीन उचलून नेलं. गार्डच्या हातात एक कागद होता, त्यावर आमच्या डोंगराचा आभाळातून काढलेला फोटो. सगळं हिरवंगार आणि मधोमध एक लाल चौकोन, गुडघा सोलल्यावर दिसतो तसा. "यारू हेळिल्ला," गार्ड म्हणाला, "मेलिंद काणस्तद." कुणी सांगितलं नाही, वरून दिसतं. कानडी इथं लहान पोरालाही कळतं. नागोजीलाही शब्द कळले, पण पटले नाहीत. माणसानं चुगली केल्याशिवाय सरकार जंगलात येत नाही, हे त्याच्या डोक्यात पक्कं बसलेलं.

जीप गेल्यावर तो अंगणात उभा राहून आभाळाला शिव्या देत होता. अंगाचा नुसता तिळपापड. मग बेळगावच्या नर्सरीतून हिरवी जाळी आणली, झाडांना घालतात तसली. भावकूनं ती सगळ्या खाणीवर ताणून बांधली, वर फांद्या टाकल्या. राखणीसाठी कडेला निळ्या ताडपत्रीची खोप घातली आणि तिथंच राहू लागला. जाळीखाली हातानं दगड काढायचं काम गुपचूप चालू झालं.

नागोजीची मुलगी माधवी बेळगावला कॉलेजात असते. सुट्टीला आली तेव्हा तिनं बापाच्या मोबाईलमध्ये तो नकाशा घालून दिला, ज्यात आभाळातून घरं, शेतं, झाडं खऱ्या रंगात दिसतात. तिनं हौसेनं दिला. पण आमच्याकडं मोबाईलमध्ये दिसतं ते आत्ताचं, अशीच सगळ्यांची समजूत. कुणाचा जावई दुबईहून बोलतो, तो आत्ताच बोलतो ना? मग फोटोसुद्धा आत्ताचा. मलासुद्धा तसंच वाटायचं. मी माझं हॉटेल बघितलं आणि पदर सारखा केला होता.

नागोजी रोज सकाळी माझ्या बाकावर बसून बोटानं तो डोंगर मोठा करायचा. लाल चौकोन दिसायचा. उठून खाणीवर जायचा, तर जाळी जागच्या जागी, हिरवीगार. परत येऊन बघायचा, तर पुन्हा लाल.

"जयाक्का, हे कसं गं?" त्यानं एकदा विचारलं.

"मला काय कळतंय त्यातलं? चहा थंड व्हायलाय," मी म्हटलं.

पुढं त्यानं विचारणं सोडलं. ते वाईट. नागोजी बडबडत असला की भिण्याचं कारण नसतं. तो गप्प झाला की समजावं, कुणाचं तरी हाड आता मोडणार. त्याच्या डोक्यात एकच हिशेब जुळला होता: मी खाणीवर गेलो की भावकू जाळी घालतो, मी परतलो की काढतो. सरकारला दाखवायला.

आषाढातल्या एका दुपारी तो खाणीवर गेला. रुक्मा भावाची भाकरी घेऊन तिथं आली होती, म्हणून पुढचं मला तिच्याकडून कळलं. पाऊस असा, की दहा पावलांवरचं झाड दिसत नव्हतं. नागोजी खोपीत शिरला आणि मोबाईल भावकूच्या तोंडासमोर धरला.

"कुनाला काढून दावालायस जाळी?"

"मी कशाला काढू, दाजी? तुमी आत्ता बघून आलासा की."

"मी आलो की घालतोस. ह्ये बघ! आत्ता बघ! लाल हाय का न्हाय?"

भावकूनं बघितलं. नीट बघितलं. मग म्हणाला, "दाजी, भाईर काय पडालंय?"

"पाऊस."

"मग ह्यात ऊन कुठनं आलं? झाडांच्या सावल्या बघा की, गवात वाळल्यालं बघा. ह्यो फोटो आजचा न्हाय. उन्हाळ्यातला हाय."

रुक्मा सांगते, नागोजीनं मान वळवून बाहेरच्या पावसाकडं बघितलं. मग पुन्हा मोबाईलकडं. आणखी एक श्वासभर तो तसाच थांबला असता, तर आज मला हे सांगावं लागलं नसतं. पण आपण चुकलो असं वाटायला लागलं की या माणसाचा हात आधी उठतो. पहिल्याच थपडेत भावकू खोपीच्या मेढीवर, मधल्या खांबावर, आदळला. नागोजीनं मेढ उपटली, ताडपत्री टराटरा फाडली, चूल लाथेनं उडवली, आणि त्याच मेढीनं मेव्हण्याला पाठीत, बरगडीत, पायांवर हाणत चिखलात लोळवला. रुक्मानं नवऱ्याचा दंड धरला, तर तिला एवढ्या जोरात झिडकारलं, की ती खाणीच्या कडेवरून खाली पडली. ती वर चढून येईपर्यंत भावकूचा उजवा हात एका चिऱ्यावर होता, मनगटावर नागोजीचा पाय होता, आणि नागोजीनं दुसरा चिरा डोक्यावर उचललेला होता.

"ह्याच हातानं काढतोस न्हवं?"

भावकू ओरडला, "मी न्हाय केलं, दाजी!" आणि चिरा खाली आला.

रुक्मा भावाला घेऊन माझ्या दारात आली तेव्हा तिचा पदर तिच्या अंगावर नव्हता, तो भावकूच्या हाताला गुंडाळलेला होता आणि त्यातून रक्त गळत होतं. मी रस्त्यात आडवी उभी राहून येणारी एक जीप थांबवली. खानापूरच्या दवाखान्यातून बेळगावला पाठवलं. बोटं ओळखू येत नव्हती. हात काळा पडला, ते काळं वर चढत गेलं आणि शेवटी डॉक्टरांनी मनगटाच्या वर कापला.

पोलीस विचारायला आला, तर भावकू म्हणाला, चिरा निसटला. बाळाबाईनं त्याच्याकडून तसं कबूल करून घेतलं होतं. लेकीचा संसार, म्हणे. मला एवढा संताप आला, की दवाखान्याच्या व्हरांड्यातच मी म्हातारीला फाडफाड बोलले. ती एवढंच म्हणाली, "एकाचा हात गेला, जया. दुसरीचं घर तरी ऱ्हाऊ दे." पण ते तरी कुठं राहिलं? रुक्मा भावाबरोबर आईकडं गेली ती परत नवऱ्याच्या उंबऱ्यात आली नाही.

नागोजीनं गावात सांगितलं, मेव्हणा सरकारचा माणूस निघाला. गावानं मानलं. चोर सोडून संन्याशाला फाशी, ही आमच्या गावाची जुनी खोड. ज्यांची पोरं त्या खाणीवर मजुरीला होती, ते भावकूला बघून थुंकायला लागले. रवळनाथाच्या देवळात पंगत बसली, तर त्याच्या दोन्ही बाजूंची पानं मोकळी राहिली. डाव्या हातानं जेवतो म्हणून पोरं हसली, आणि त्यांच्या आयांनी त्यांना हसू दिलं. नंदगडजवळ त्याची एक सोयरीक ठरत आली होती, तीही मोडली.

भावकू एकदा माझ्याकडं आला, तेव्हा मी म्हटलं, "अजून जा पोलिसात. मी येते साक्षीला."

तो म्हणाला, "हात गेला त्यो गेला, जयाक्का. खरं मी न्हाय केलं, एवढं दाजीनं चारचौघांत म्हनलं की बास झालं मला." त्याला दुसरं काही नको होतं. आणि नागोजीच्या तोंडून तेवढंच निघणार नव्हतं.

पाऊस सरला. खाणीत तांबडं पाणी साचून तळं झालं, जाळी सडली, कुणीतरी गुरांच्या गोठ्याला ओढून नेली. नागोजी मात्र अजून सकाळी येऊन मोबाईल बघायचा. कशाला, ते त्यालाच ठाऊक. दुखरा दात जिभेनं चाचपतात तसं असेल.

कार्तिकातल्या एका सकाळी हॉटेल भरलेलं होतं. नागोजी मोबाईलवर वाकला आणि वाकलेलाच राहिला. मग मला हाक मारली. आवाज त्याचा नव्हता.

"जयाक्का, ती खोप मी मोडली न्हवं?"

"मोडलीस की. रुक्मासमोर मोडलीस."

"मग ही कुठली?"

मी वाकून बघितलं. आज लाल चौकोन नव्हता. त्या जागी हिरवी जाळी होती, चारी कोपरे ताणून सरळ बांधलेली. भावकूच्या हाताचं काम ते, कडा कुठं वाकडी नाही. आणि शेजारी नखाएवढा निळा ठिपका, उभा, शाबूत. ज्या खोपीच्या त्यानं स्वतः चिंध्या केल्या होत्या ती.

त्यानं माधवीला फोन लावला. ती पलीकडून म्हणाली ते आम्हा सगळ्यांना ऐकू आलं. "अवो बाबा, ते फोटो जुनेच असत्यात. सहा सहा म्हयनं बदलत न्हाईत. आत्ता घातल्यात म्हंजे पावसाच्या आदी काढल्यालं असतील. रोजच्या रोज कोन काढंल?"

नागोजी उठला. बाकाला धक्का लागून कप पडला, फुटला. मला वाटलं आता हा माझी शेगडी उडवणार. पण तो रस्ता ओलांडून बाळाबाईच्या वाडीच्या वाटेला लागला, आणि हॉटेलातली सगळी माणसं त्याच्या मागून निघाली. मीही गॅस बंद करून निघाले. हा तिथं जाऊन काय करेल याचा भरवसा नव्हता, म्हणून वाटेत मी एक काठी उचलून घेतली.

भावकू अंगणात बसून डाव्या हातानं शेंगा फोडत होता. शेंग पायाच्या अंगठ्याखाली धरायची आणि फोडायची, असं त्यानं बसवलं होतं. नवऱ्याला बघून रुक्मा कोयता घेऊन दारात आली. नागोजीनं तिच्याकडं बघितलंसुद्धा नाही. तो माणसांकडं वळला आणि एवढ्या मोठ्यानं ओरडला, की शेजारची कुत्री भुंकायला लागली.

"ऐका समद्यांनी! भावकूनं काय केलं न्हाय! कुनाला काय सांगितलं न्हाय! जाळी जागच्या जागी हुती! मीच भोसडीचा आंधळा!"

भावकूच्या हातातली शेंग खाली पडली. त्याचे डोळे भरून आले आणि माझेही आले. सबंध पावसाळा तो ज्याच्यासाठी थांबला होता, ते त्याला मिळालं होतं.

नागोजी त्याच्यासमोर गुडघ्यांवर बसला. एवढा मोठा देह, जमिनीला टेकला. "भावकू, चुकलो रं. तुझ्या फुडं हात जोडतो." आणि त्यानं ते दोन्ही हात, ज्यांनी काच फोडली, भावाला गावाबाहेर घालवलं, सासूला पुरातून काढलं आणि चिरा उचलला, ते भावकूच्या तोंडासमोर जोडले.

भावकू त्या हातांकडं बघत राहिला. मग आपलं उजवं थोटूक मांडीवरून जरासं उचललं आणि शांतपणे म्हणाला, "तुमचं दोन हायत, दाजी. म्हनून जोडाय येत्यात."

नागोजीचे हात तसेच जोडलेले राहिले. ते धरावेत की सोडावेत, हे त्याला कळेना, आणि आमच्यातलंही कुणी त्याला सांगितलं नाही.