शशीला हवा होता पेशंट

शशी गेल्याचा फोन आला तेव्हा मी अंगणात तुरी पाखडत होते. फोन ह्यांनी घेतला आणि कानाला लावून ते नुसते उभेच राहिले… शशी माझी धाकटी नणंद. सोलापूरला दवाखान्यात नर्स होती. कावीळ झाली, अंगात भिनली, आणि दुसऱ्यांना बरं करणारी पोर स्वतः बरी झालीच नाही. आता महिना होत आला. कामं चालली आहेत, पण उरकत नाहीत. बसलं की उठावंसं वाटत नाही.

मला ती आठवते चिकनगुनियाच्या वर्षातली. तेव्हा ती गुलबर्ग्याला नर्सिंग शिकत होती. हॉस्टेलातल्या पोरी एकामागून एक तापानं पडल्या, तसं कॉलेज बंद झालं आणि सगळ्यांना घरी धाडलं. शशी बसमधून उतरली ती माझा खांदा धरूनच घरी आली. ताप गेला, पण धरलेले सांधे सुटेनात. तिची वेणीसुद्धा मी घालायची. मग कॉलेजनं कळवलं, धडे इंटरनेटवर येतील. आमच्या हिप्परग्यात कुठलं इंटरनेट! बाजाराच्या दिवशी हे तिला तालुक्याला, आळंदला न्यायचे. तिथं एका दुकानात कॉम्प्युटर होते. पहिल्यांदा ती हौसेनं गेली, पुढं पुढं तोंड पाडून परत यायला लागली. सुजलेल्या बोटांनी प्रश्न लिहायची, उत्तर पुढच्या बाजारी, तेही आलं तर. छापून आणलेले कागद उशाला ठेवून भिंतीकडं तोंड करून पडायची. ताट तसंच राहायचं.

एकदा म्हणाली, "वैनी, हॉस्टेलात एक रडायला लागली की बाकीच्या येऊन जवळ बसायच्या. आता कोण कुठं रडायलंय, कायच कळंना."

"मी बसते की."

"तू बसशील गं. पर मी शिकले काय? पेशंटला हात न लावता नर्स हुयाचं? उद्या एखाद्याला मारून टाकीन. मी परत जात न्हाई."

सासूबाईंनी ते ऐकलं. "नको जाऊ. लग्नाचं ठिकाण बघायला सांगते तुझ्या अप्पाला," म्हणाल्या. शशीनं उशाचे कागद खाटेखाली सरकवले. त्याचीच मला भीती वाटली.

दुसऱ्या दिवशी मीच विचारलं, कागदात काय लिहिलंय? उठवता न येणाऱ्या पेशंटच्या अंगाखालची चादर कशी बदलायची ते, म्हणाली. पेशंट आणायचा कुठून? सासूबाईंचेही सांधे धरलेले, त्या कुणाला हात लावू देत नव्हत्या. राहिले मी. पण आमच्याकडं सून दिवसाउजेडी सासऱ्याच्या नजरेसमोर खाटेवर पडत नाही. ओसरीवर बसलेल्या मामंजींनी, शशीच्या अप्पांनी, आमचं बोलणं ऐकलं असावं. चपला घालत म्हणाले, "पड माय. तिच्या शिकण्याचं हाय. मी खोकल्याबिगर आत येत न्हाई." आणि लिंबाखाली जाऊन बसले.

मी पडले. लाजेनं डोळे गच्च मिटून घेतले. शशीनं मला कुशीवर वळवलं, अर्धी चादर गुंडाळून पाठीशी सरकवली. तेवढ्यात शेजारची चंद्राक्का ताक मागायला आली आणि दारातच ओरडली, "अगं बाई! हिला काय झालं? जित्ती हाय का?"

"जित्ती हाय अक्का. पेशंट हाय."

"मग हसायली कामून?"

मला हसू आवरेना, आणि कित्येक दिवसांनी शशीही खदखदून हसली. मग मात्र मला रागावली. कारण ती प्रत्येक वेळी विचारायची, "इथं दुखायलंय का?" आणि मी म्हणायची, न्हाई. "सगळ्यालाच न्हाई म्हणलीस तर मी काय शिकू? खरं सांग की!" लग्न झाल्यापासून असं मला कुणी विचारलं नव्हतं. ती वाट बघत उभी राहिली… मी म्हणाले, "कंबर. धाकट्याच्या बाळंतपणापासून. पाण्याची घागर उचलली की डोळ्यापुढं अंधारी येतीय." शशीचा हात कमरेवरच थांबला. मग तिनं दुखरी बोटं हळूहळू फिरवून दुखरी जागा शोधली, उशी कुठं द्यायची ते दोनदा बदलून बघितलं. मला बरं वाटलं. तिला ते माझ्या तोंडावरच दिसलं असेल. त्या दिवशी ती पोटभर जेवली. रोज दुपारी मी पडायची आणि ती शिकायची. कॉलेज उघडल्याचं कळलं तेव्हा तिनं ट्रंक स्वतःच भरली. सासूबाई दाराआड उभ्या होत्या, पण त्यांनी अडवलं नाही.

नोकरी लागल्यावर ती दर रविवारी फोन करायची. काय चाललंय, जेवलीस का, असलं काही नाही. पहिलं वाक्य ठरलेलं, "वैनी, कुठं दुखायलंय?" मी सांगायची. तिला सांगताना मला लाज वाटत नव्हती.

परवाच्या रविवारीही फोन गप्पच होता. मी खाटेवर पडले, भर दुपारी, कुणी शिकायला नसताना. सासूबाई आत आल्या. मी उठायला लागले तर माझ्या खांद्यावर हात ठेवून तिथंच बसल्या. मग म्हणाल्या, "कुठं दुखायलंय गं?"

मी सांगितलं.