दुधनेकाठची नेमबाज पलटण

सरहद्दीवरच्या छावणीतून आम्ही निघालो तेव्हा माझ्या पाठीवर बंदूक नव्हती, मलमपट्टीची पेटी होती. हे आधीच सांगून टाकतो, कारण मी लढायला गेलो अशी आवई नगरच्या मित्रांनी उठवली आहे. औषधं छावणीत पोचवायची आणि परत फिरायचं, एवढंच माझं काम. पण नेमबाजांची तुकडी निजामाच्या हद्दीत, परभणी जिल्ह्यात शिरणार असं कळलं आणि माझे पाय शिवशिवू लागले. तुकडीचे प्रमुख दत्तोबा महायुद्धात बंदूक चालवून आलेले. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि पेटी उचलायला माणूस लागतोच, असं म्हणून बरोबर घेतलं.

जिंतूरचे डोंगर उतरताना माझ्या वहाणेचा अंगठा तुटला. तुकडीतल्या इमामभाईंनी, हे त्याच डोंगरातले जुने शिकारी, दोरीच्या तुकड्याने तो बांधून दिला आणि शहरी पायांची यथेच्छ थट्टा केली. खाली उतरलो तशी काळी जमीन लागली आणि मग जिकडेतिकडे ज्वारीच ज्वारी. माणूस आत शिरला तर दिसेनासा व्हावा इतकी उंच, कणसं दाण्यांनी टच्च भरलेली. मी इतकं भरघोस पीक पूर्वी पाहिलं नव्हतं.

दुधनेकाठच्या ज्या गावात थांबलो, त्याचं नाव मुद्दामच लिहीत नाही. पारूबाई नावाच्या शेतकरणीने आम्हाला भाजलेला हुरडा, तिळाची चटणी आणि भाकरी वाढली. वाढता वाढता तिने गावावरचं संकट सांगितलं. राजवटीच्या जोरावर गावं लुटणारी एक हत्यारबंद टोळी सेलूच्या बाजूला फिरत होती. गावाने तिला धान्य द्यायला नकार दिला, तेव्हा बाजाराच्या दिवशी येऊन उभ्या पिकाला काडी लावू, असा निरोप आला होता.

"साल काढायचं ते ह्याच ज्वारीवर," पारूबाई म्हणाली. "ती जळाली तर गाव ऱ्हायलं काय अन् न्हाई काय."

बाजाराचा दिवस दुसऱ्याच दिवशी होता. दत्तोबांनी नदीचा उतार (पायी ओलांडायची जागा) पाहून बेत आखला. पाखरं राखायला शेताशेतात माळे (उंच मचाणं) होते. त्यांवर राखणदारांऐवजी आमचे नेमबाज बसणार. टोळी उताराच्या मध्यावर आली की दत्तोबा शिट्टी वाजवणार. तोवर कोणी हूं की चूं करायचं नाही, जो करील त्याची छावणीत रवानगी. गावकऱ्यांनी मागे देवळापाशी थांबायचं.

सकाळी मी पेटीसकट सोपानच्या माळ्यावर चढलो. सोपान पाथरीकडचा शेतकरी, तुकडीतला पहिल्या नंबरचा नेमबाज. खालचं शेत पारूबाईचं. उन्हं वर आली आणि पाखरांचे थवेच्या थवे उतरले. राखायला कोणी नाही म्हटल्यावर त्यांना रानच मोकळं. सोपान चुळबुळू लागला. बंदूक धरलेला हात स्थिर, पण डोळे नदीवरून सारखे कणसांकडे. मी खुणेने त्याला आवरत होतो. तेवढ्यात पलीकडच्या काठावर घोडेस्वार दिसले.

नेमका तेव्हाच हा गडी उठला. माळ्यावर टांगलेली गोफण घेतली, गरगर फिरवली आणि "हाऽऽ, हाऽऽ" अशी आरोळी ठोकली. मी कपाळावर हात मारून घेतला. आता सगळं मुसळ केरात! पाखरं उडाली ती शेजारच्या शेतात उतरली. तिथल्या माळ्यावरचा नेमबाजही शेवटी शेतकरीच, त्यानेही आरोळी दिली. मग तिसऱ्याने. दत्तोबांची शिस्त पाखरांबरोबर उडून गेली.

स्वार थबकले, कान देऊन ऐकू लागले. मग त्यांच्यातला एक हसला, बाकीचेही हसले. राखणीच्या आरोळ्या त्यांनी जन्मभर ऐकलेल्या. गाव बेसावध आहे असं समजून ते बंदुका पाठीवरच ठेवून पाण्यात उतरले. शिट्टी वाजली.

सोपानची गोळी पुढच्या घोड्याला लागली. घोडा कोसळला, मागचे एकमेकांवर आदळले, मशालींचे पलिते पाण्यात गेले. पण टोळी मोठी होती. मागे सरून ती दरडीआड बसली आणि आमच्या माळ्यांवर गोळ्या झाडू लागली. आमच्या बंदुका सात, काडतुसं मोजकी. सोपानच्या दंडाला गोळी चाटून गेली, मी पट्टी बांधली.

तेवढ्यात आमच्या मागच्या ज्वारीतून बार उडू लागले. एक, दोन, मग चारी बाजूंनी. मी वळून पाहिलं तर पारूबाई, आणि तिच्यामागे अवघं गाव, गोफणी घेऊन! गोफणीच्या टोकाला सुताची शेपटी लावली की दगड सुटताना बंदुकीसारखा आवाज निघतो. दत्तोबा ओरडले, मागे व्हा म्हणून.

"आमचं रान आमी राखायलोय," ती म्हणाली आणि दुसरा दगड भरला.

इतक्या बंदुका ऐकून टोळीचं अवसान गळालं. घोडे आणि निम्मी हत्यारं टाकून सगळे जे पळाले, ते वळून न बघता. पिकाची एक काडीही जळाली नव्हती. मी माळ्यावर उभा राहून वेड्यासारखा नाचलो, हे कबूल करायला मला लाज वाटत नाही.

संध्याकाळी गावाने आम्हाला हळदीकुंकू लावून ओवाळलं. दत्तोबांनी मात्र सोपानला समोर उभं केलं आणि हुकूम का मोडला, ते विचारलं.

सोपान खाली मान घालून म्हणाला, "दादा, आपून ज्वारी राखायलाच आलतो की. पाखरं खायलेली बघत कसं बसावं?"

दत्तोबांनी सोपानची बंदूक स्वतः पुसली आणि त्याच्या हातात दिली.

पीक कापून घरात येईपर्यंत तुकडी तिथेच राहिली. मी मात्र एका गाडीवानाबरोबर सरहद्दीकडे परत निघालो. युद्ध पाहायला म्हणून मी गेलो होतो. पाहिली ती रानाची राखण, आणि तिचा मला लढाईपेक्षा जास्त अभिमान वाटतो. वाटेत गाडीवानाने हळू आवाजात खबर सांगितली. दुधनेकाठी ज्वारीत म्हणे हजार बंदुकांची पलटण बसली आहे, तिकडे फिरकायची आता कोणाची छाती होत नाही.

"तुमी तिकडूनच आलाव," तो म्हणाला. "दिसली का पलटण?"

"दिसली," मी म्हणालो. "बायामाणसं धरून हजाराच्याही वर असंल."