उमरीला बसवली, असं मी सांगितलं

मी नर्सबाईंशी खोटं बोललो. त्यात धोका बायकोच्या जिवाला होता, आणि ते मला तेव्हाही ठाऊक होतं.

पहिलं बाळंतपण उमरीला, तिच्या माहेरी झालं. मुलगी झाली, पण रक्त इतकं गेलं की डॉक्टरीणबाईंनी मला बजावलं, "तीन वर्षं दुसरं नको. तांबी बसवून घ्या." तिसऱ्या महिन्यात तिला देवणीला, आमच्या घरी आणलं. आमचा लातूर जिल्हा नुकताच वेगळा झाला होता, वर दुष्काळ. उमरी नांदेडात; तिकडचे कागद इकडे येत नसत.

एका सकाळी नर्सबाई तपासणीला आल्या. बायकोला तपासलं, बाळ तोललं आणि ओसरीवर येऊन मला विचारलं, "दादा, पाळणा लांबवायचं काय ठरलं?"

आई जवळच ज्वारी निवडत होती. "तांबी काळजात चढती म्हनं."

"मावशी, चढायला काळजाला शिडी हाय का?" नर्सबाई हसल्या. आई हसली नाही.

आईसमोर हे बोलायची मला लाज वाटली. तांबीची भीतीही मनात होतीच. म्हणालो, "उमरीलाच बसवलीय."

त्यांनी वहीत लिहून घेतलं. आत पाजत बसलेल्या बायकोनं सगळं ऐकलं. पण सासूसमोर नवऱ्याला खोटं पाडणं तिला जमणारं नव्हतं. त्या दिवसापासून आईची बोलणी सुरू झाली, "आमाला न इचारता म्हायेरातच उरकून आली!" न बसवलेल्या तांबीपायी ती ऐकून घेत राहिली. मी उठून बाहेर जायचो.

मुलगी नऊ महिन्यांची असताना पुन्हा दिवस गेले. तांबी फसली, असंच आईला वाटलं. मग बायकोनं घागर उचलली तरी मी हातातलं काम टाकून बघत राहायचो. चक्कर आली की ती भिंत धरून उभी राहायची. काय होतंय, हे विचारायची मला हिंमत होत नसे. एकदाच म्हणाली, "ह्या खेपेला मी गेले, तर पोरीला उमरीला ठिवा."

लातूरच्या दवाखान्यात दुसरी मुलगी झाली. पुन्हा तसंच रक्त गेलं. डॉक्टर बाहेर येईपर्यंत मी भिंतीकडे तोंड करून उभा होतो. ती वाचली.

पाचव्या दिवशी तिथल्या सिस्टर खाटेजवळ आल्या आणि माझ्याकडे बघून विचारू लागल्या, "आता पुढं काय..."

"तिला विचारा," मी म्हणालो. आई उशाशी बसली होती. तिला सांगितलं, "उमरीला काहीच बसवलं नव्हतं, आई. मी खोटं सांगितलं." मग बायकोकडे वळलो. "जीव तुझा, आणि उत्तर मी दिलं. वर बोलणीही तुलाच खाऊ दिली. माझं चुकलं. मला माफ कर."