पंगतीबाहेरचा जावई

चर्चमध्ये रविवारच्या मिस्सेत, म्हणजे उपासनेत, ख्रिस्तप्रसादाची रांग सुरू झाली की माझी सासू उठायची, साडी सारखी करायची आणि हातातली काळी पर्स माझ्या मांडीवर ठेवायची. "जावई, बॅग सांभाळा." मग बायको, मुलं, मेव्हणे सगळे तिच्यामागून वेदीकडे जायचे. कोलशेतच्या चर्चमधल्या त्या बाकावर मी बावीस वर्षं बायकांच्या पर्सा राखल्या. मानपाड्यात माझं ग्रॅनाइटचं दुकान आहे. दगड कापता कापता मालक झालो. माझ्याशी घासाघीस करायला बिल्डरही कचरतात. तिथे मात्र मी राखणदार.

सासूला गाव रेजिनामाय म्हणायचं. ते पिढ्यान्‌पिढ्यांचे कॅथलिक, मी नगरकडच्या मिशन शाळेतल्या मास्तरांचा मुलगा, प्रॉटेस्टंट. लग्नाआधी त्यांच्या फादरनी माझा बाप्तिस्म्याचा दाखला मागितला, वाचला आणि मान्य केला. म्हणजे मी ख्रिस्ती, हे कबूल. पण प्रसादाची भाकर फक्त कॅथलिकांना. माझं डोकं फिरलं. "अर्धा माल पास आणि अर्धा परत, असं कुठे असतं?" फादर शांतपणे म्हणाले, "आमच्यात या, मग अडचणच नाही." पण वडिलांनी आमच्या चर्चमध्ये प्रभुभोजनाच्या ज्या टेबलाशी मला पहिल्यांदा उभं केलं ते अपुरं होतं, असं लिहून द्यायला मी तयार नव्हतो.

बाहेर आल्यावर रेजिनामाय म्हणाली, "पोरगी दिली ना तुमाला? मग थांबा जरा. रोमला घाई नसते."

"किती थांबू?"

"मला काय विचारता? मी भाजीवाली."

खरंच भाजीवाली होती, टेंभी नाक्याजवळ बसायची. एकदा सांगितलेला भाव तिने कधी उतरवला नाही, आणि चर्चच्या नियमांतही तिचं तसंच होतं.

माझे वडील गेले तेव्हा आमच्या कल्याणच्या चर्चमध्ये स्मरणाची उपासना झाली. माय आली होती. प्रभुभोजनाच्या वेळी पाळक म्हणाले, बाप्तिस्मा झालेल्या कुणीही पुढे यावं. मी मुद्दाम तिच्याकडे वाकलो. "बघा माय, आमच्यात दार उघडं आहे."

"दार उघडं दिसलं म्हणून शिरायचं नसतं. मला आमच्यांना विचारायला लागतं."

ती बसून राहिली. मी भाकर घेऊन परतलो तेव्हा तिची नजर ताटावरच होती, दोन्ही हात पदराखाली. परतीच्या वाटेवर पत्रीपूल ओलांडल्यावर तिने विचारलं, "भाकर कुणी भाजलेली?"

"पाळकांच्या बायकोने."

"वास चांगला येत होता," म्हणाली आणि खिडकीकडे तोंड फिरवलं.

यंदा ती अंथरुणाला खिळली आणि आम्ही तिला डोंबिवलीला आमच्या घरी आणलं. रविवारी बायको मिस्सेला जायची, मी मायच्या उशाशी बसायचो. सात रविवार असे गेले. शेवटी डॉक्टरांनी मान हलवली. बायकोने इथल्या फादरना बोलावलं. ते अगदी तरुण होते. सकाळी दहाच्या सुमारास आले, छोट्या डबीतून प्रसाद काढला आणि तिच्या तोंडाजवळ नेला. मायने ओठ मिटले.

"आधी जावयाला दे."

फादर गोंधळले. "माय, ते आपल्यातले नाहीत."

"माझी घाण काढतो तो. त्याला नाय, तर मला पण नको."

बायको रडायला लागली. फादरचा हात हवेतच थांबला. बावीस वर्षं मी जे मागत होतो, ते तिने शेवटचा घास पणाला लावून मागितलं होतं. मी गप्प राहिलो असतो, तर कदाचित फादर हरलेही असते. पण तिचा श्वास मला ऐकू येत होता, आणि त्या घासाशिवाय जाणं तिला काय वाटेल हे मला ठाऊक होतं.

मी म्हणालो, "माय, तुम्ही घ्या. मी रविवारीच आमच्या चर्चमध्ये घेतलंय."

तिने माझ्याकडे बघितलं. "खोटारडा," म्हणाली आणि तोंड उघडलं.

दोन दिवसांनी ती गेली. त्या फादरवर माझा अजून राग आहे. नियम त्यांनी केला नाही हे कळतं, तरी आहे. त्या सकाळी तो पातळ तुकडा तिच्या कोरड्या टाळूला चिकटून बसला, गिळवेना. मी तिची मान उचलून चमच्याने पाणी पाजलं आणि घास खाली उतरला. त्याला कोणीच हरकत घेतली नाही.