मण्याला बोट लावायचं नाही

माझ्या धाकट्या नणंदेइतका माणसाच्या बोटांचा धसका घेतलेलं माणूस साऱ्या नाशकात सापडणार नाही. आरएनए नावाचा पेशीतला धागा स्वतःवरच कशी घडी घालतो आणि प्रोटीन त्या घडीला नेमकं कुठे धरतं, हे ती कॉलेजच्या प्रयोगशाळेत शोधायची. उघडं बोट लागलं की त्या धाग्याचे म्हणे तुकडे होतात. त्यामुळे तिथले हातमोजे घरीही आले. हळदीकुंकवाला ती कपाळ पुढे करायची, पण कुंकवाच्या करंड्यात बोट घालायची नाही. माझ्या वेणीला पीळ देऊन तिने मला आरएनएची घडी समजावली, तीही मोजे घालून! "वहिनी, घडी मोडली की प्रोटीन ओळखच दाखवत नाही," हे ती अशा आवाजात म्हणाली, जणू कुणाचं लग्न मोडलंय. मी पोट धरधरून हसले.

एका फेब्रुवारीत मात्र माझं हसू पळालं. भर दुपारी कॉलेजसकट आमच्या साऱ्या भागाची वीज गेली आणि कॉलेजचा जनरेटर ढिम्म. आरएनए आणि प्रोटीन यांची जोडी जमवलेल्या सहा नळ्या, तीन वर्षांची मेहनत, तिच्या हातात होत्या. गोठल्या तर जोडी मोडणार, तापल्या तरी मोडणार, आणि नव्याने करायला पीएचडीची मुदत उरली नव्हती. तिचा फोन आला तशी मी गाडी घेऊन पोचले, आणि नळ्यांचा बर्फाचा डबा मांडीवर घेऊन ती गाडीत बसली. दिंडोरीला माझ्या माहेरच्या ओळखीचं द्राक्षांचं कोल्ड स्टोरेज होतं, मी तिकडे गाडी हाणली. पुढे ट्रॅक्टरची रांग, डब्यात बर्फाचं पाणी होत चाललेलं, आणि ही थर्मामीटर वाचतेय, "चार... पाच... वहिनी, सहा!" मी हॉर्न दाबूनच धरला.

दारात द्राक्षं भरणाऱ्या एका मावशींनी डबा घ्यायला हात पुढे केला. नणंद किंचाळली, "हात लावू नका!" मी शरमेने अर्धी झाले.

मावशी शांतपणे म्हणाल्या, "नाय लावत, पोरी. आमच्यातबी मण्याला बोट लावत नाय. वरची पांढरी पावडर जाती, माल परत येतो. देठाला धरायचं. तुझ्या मालाला देठ कुठं हाय, तेवढं सांग."

नणंदेने डब्याभोवतीचे हात सैल केले. मग हळूच म्हणाली, "नळ्या झाकणाला धरा." आणि तिने डबा चक्क त्यांच्या हातात दिला.

दोन दिवसांनी पुण्यात तपासणी झाली. जोडी शाबूत होती. पहिला फोन मावशींना गेला, मला नाही. मला वाईट वाटलं, पण तक्रार कुठल्या तोंडाने करणार? इतकी वर्षं मी तिच्या मोज्यांची टिंगल केली, देठ कुठे आहे हे कधी विचारलंच नाही.

आता ती परदेशात असते. घरात कुणीही कशालाही हात लावतं, कुणी ओरडत नाही. द्राक्षं आली की मी मात्र घड देठालाच धरून उचलते.