डोक्यावर पायली असलेला देव

कापसाच्या त्या वाईट वर्षांत मी मारेगावच्या शाळेत शिकवत होतो. बसस्टँडजवळ एक चाचा फवारणीचे पंप दुरुस्त करायचे. त्यांचं नाव मी कधी विचारलं नाही. काम आटोपलं की ते आधी रॉकेलनं, मग साबणानं हात धुवायचे आणि मगच डबीतली नाणी काढायचे. रोमन बादशहांनी इजिप्तमध्ये पाडलेली ती नाणी होती. त्यांवर दाट दाढीचा एक देव होता आणि त्याच्या डोक्यावर धान्य मोजायची पायली.

"सेरापिस," ते सांगायचे. "अर्धा युनानी, म्हंजे ग्रीक, अर्धा मिसरी, म्हंजे इजिप्तचा. दोघायचा मिळून एक."

एकदा मी त्यांना शाळेत नेलं. त्यांचं सगळ्यात लाडकं नाणं मुलांनी हातोहात फिरवलं.

पंधरा दिवसांनी ते न बोलावता वर्गात आले.

"पोरहो, मी तुमाले नकली नाणं दाखवलं. जुन्या नाण्यायच्या एका पुस्तकात फोटो पाहिला, त्या दुसऱ्या नाण्यावर याच जागी, अस्साच ओरखडा हाय. अस्सल नाणं एकेक ठोकून बनवत, नकली एकाच साच्यात ओतून. अस्सल असतं तं दोघायले एकच ओरखडा कसा राहीन? तोललं, तं वजनही कमी भरलं."

नाणं त्यांनी वर्गालाच देऊन टाकलं.

बाहेर आल्यावर मी म्हणालो, "चाचा, कोणाला कळणार होतं?"

"सर, औंदा बोगस बियाण्यानं किती वावरं बसली. इकणारा कोणाच्या घरी 'चुकलो' म्हणाले आला का?"

ते सायकलवर टांग टाकून निघून गेले. आत मुलं ओरखडा शोधत होती, आणि या वेळी कोणीच नाणं लवकर पुढे देत नव्हतं.