पदराला गाठ नव्हती

हे मी बायकोला सांगितलेलं नाही. एकदा सांगायला तोंड उघडलं होतं, पण तिनं "काय?" विचारलं आणि मी "चहा ठेव" म्हणालो. तुम्ही समोर नाही आहात, म्हणून बहुतेक जमेल.

मी प्रशिक्षक आहे. गावोगावच्या शेतकरी कंपन्या, बचत गट, संस्था — यांना बदलत्या काळाशी जुळवून घ्यायला शिकवतो. नेतृत्व कसं असावं, जबाबदारी कशी घ्यावी — हो, जबाबदारीवर माझं अख्खं दीड तासाचं सत्र आहे. लोक वहीत लिहून घेतात. आपल्या बोलण्यात दम आहे, असं मलाही वाटतं. काहून वाटू नये?

त्या सत्रात मी एक गोष्ट सांगतो. एक अध्यक्षा होती, म्हणतो. चांगली होती, पण काळ बदलला आणि ती बदलली नाही. निरोप लक्षात ठेवायला पदराला गाठी मारायची. एक दिवस गाठ मारायची राहिली आणि बायांचा अख्खा माल वाया गेला. मग मी गळ्यातला टॉवेल दोन्ही हातांनी चाचपून तिची नक्कल करतो. लोक हसतात. दरवेळी हसतात.

तिचं नाव वच्छलाकाकू. मंगरूळपीरच्या बाजूला भाजीपाला पिकवणाऱ्या बायांची कंपनी आहे, तिची ती पहिली अध्यक्ष. मी तेव्हा तिथं नवा समन्वयक होतो. आधी या बाया आपापल्या टोपल्या घेऊन बाजारात बसायच्या. आता शहरातल्या दुकानाची गाडी माल न्यायला थेट कंपनीच्या शेडवर येणार होती. हा बदल बायांच्या अंगवळणी पाडायचा, अध्यक्षाला मजबूत करायचं, एवढंच माझं काम. गाडीचा निरोप माझ्या मोबाईलवर यायचा, मी काकूला फोन करायचा, काकूनं घरोघरी सांगायचं. निरोप कळला की ती पदराच्या टोकाला एक गाठ मारायची, शेवटच्या घरी सांगून झालं की सोडायची. मी चिडवायचो, "काकू, हे कवाचं चालू आहे?" ती म्हणायची, "सर, तुमच्या मोबाईलची ब्याटरी जाते. माह्या पदराची गेली का कधी?"

नव्हती गेली. एकही निरोप चुकला नव्हता — हे मी सत्रात सांगत नाही.

त्या शनिवारी दुपारी मी धनजला मित्राच्या साक्षगंधाला, म्हणजे साखरपुड्याला, गेलो होतो. पंगतीत बसलो होतो, पानात बुंदी पडली होती, तेवढ्यात मेसेज आला: उद्या गाडी सकाळी दहाऐवजी सहाला येईल. मी वाचला. जेवून फोन करू, म्हटलं. जेवलो. मग गप्पा, मग फोटो — आणि विसरलो. सरळ विसरलो. माणूस विसरतो, एवढ्यावर भागलं असतं ना? पण मी एवढ्यावर थांबलो कुठं.

रविवारी गाडी सहाला आली, रिकाम्या शेडपुढं उभी राहिली आणि निघून गेली. दहाला बाया मेथी-पालक घेऊन आल्या. चैताचं ऊन. बारापर्यंत मेथी लुळी पडली, मग शेळ्यांपुढं गेली. दुकानानं कळवलं, पुन्हा असं झालं तर गाडी बंद. दुपारी वाशीमहून आमचे वरिष्ठ आले. शेडमध्ये सगळ्या बाया बसल्या. साहेबांनी विचारलं, निरोप कुठं अडकला? पुढच्या महिन्यात माझी नेमणूक पुढं चालू ठेवायची की नाही, हे याच साहेबांच्या हातात होतं.

मी म्हणालो, "मी काल दुपारीच काकूंना फोन केला होता."

आवाज जरासुद्धा कापला नाही. अजून आठवलं की लाज वाटते — खोटं बोललो याची वाटते, आणि इतक्या सहज बोललो याची जास्त.

काकूनं पदराचं टोक हातात घेतलं. एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत हळूहळू चाचपत गेली. सगळ्या तिच्याकडं पाहत होत्या. तिचा साधा बटनाचा फोन बाजूलाच होता, कुणी उघडून पाहिला असता तर माझा फोन आलाच नव्हता हे दिसलं असतं. पण सरांचा शब्द कोण तपासणार?

ती म्हणाली, "गाठ तं नाही दिसत. पण सर म्हंतात तं सांगतलंच असंन. माह्याच डोक्यातून गेलं."

तिला माझं खोटं समजलं आणि तिनं पोटात घातलं, असं मी बरीच वर्षं धरून चाललो. तसं असतं तर बरं झालं असतं. पण नाही — तिनं माझ्यावर विश्वास ठेवला. स्वतःपेक्षा जास्त. बायांपुढं हात जोडले आणि आठवडाभरात अध्यक्षपद सोडलं. ज्याले याद राह्यत नाही त्यानं खुर्चीवर बसू नये, म्हणाली. मी अहवालात लिहिलं, जुन्या पद्धतीमुळे निरोप चुकला, नेतृत्वबदल गरजेचा होता. अहवाल साहेबांना आवडला. त्यातूनच मी प्रशिक्षक झालो.

मागच्या महिन्यात मंगरूळपीरला सत्र होतं. जेवणाच्या सुट्टीत काकूची सून सुनीता भेटली. ती आता त्या कंपनीची सचिव आहे. सासूला आत्याबाई म्हणते. काकू कशी आहे, मी विचारलं.

"बऱ्या आहेत, सर. पण दूध तापाले ठेवलं का तिथून हालत नाहीत. म्हंतात, माह्या डोक्याचा भरोसा नाही. पदराले गाठ मारनंबी तवाच सोडलं." मग म्हणाली, "तुमी वेळेवर ध्यानात आणून देल्लं म्हणून बरं झालं. नाहीतं कंपनी बसली असती."

ती माझे आभार मानत होती. मी म्हणालो, "काळजी घ्या त्यांची." काकूचं घर तिथून बसनं वीस मिनिटांवर. मी गेलो नाही.

त्या दुपारी मी ती गोष्ट सांगितली नाही. सुनीता समोर बसली होती.

पुढच्या मंगळवारी जऊळक्याला सत्र होतं. एक अध्यक्षा होती, म्हणालो. टॉवेल हातात घेतला, या काठापासून त्या काठापर्यंत चाचपला. लोक हसले.